कोठडीआधी एक प्रश्न विचारा: पुणे पोलीस आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
पुणे शहर

महोदय,

स. न. वि. वि.

मी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्याने वकील करायची ऐपत नसलेले आरोपी माझ्या वाट्याला येतात. अलीकडे त्यांत गांजा, गर्द आणि एमडीची (म्हणजे मेफेड्रोनची) प्रकरणे बरीच असतात. त्यातले बहुतेक जण ओढताना किंवा खिशात पुडी घेऊन उभे असताना सापडलेले असतात. विकताना सापडलेला क्वचित. अशा मुलाला मी हल्ली पहिल्यांदा विचारते, "ठाण्यात तुला कुणी विचारलं का, की उपचार घ्यायचेत का?" उत्तर ठरलेले असते. काही जण तर हसतात.

हा प्रश्न पोलीस ठाण्यातच विचारला जावा, लेखी विचारला जावा आणि त्याचे उत्तर केस डायरीत यावे, एवढ्यासाठी हे पत्र. त्यासाठी संसदेत कायदा बदलायला नको, मंत्रालयातून निधी आणायला नको. आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरेल.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधातला कायदा, १९८५ चा. त्याचा धाक सगळ्यांना ठाऊक आहे: दहा ते वीस वर्षांच्या सजा, आणि व्यावसायिक प्रमाणात माल सापडला तर कलम ३७ मुळे जवळजवळ अशक्य झालेला जामीन. पण नशा करणाऱ्यासाठी याच कायद्यात वेगळा विचार केलेला आहे, तो मात्र ठाण्यात कुणाला आठवत नाही. कलम ६४-अ पाहा. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. कलम ३९ त्याच्या पुढच्या टप्प्यावरचे. दोष सिद्ध झाल्यावरही न्यायालय अशा माणसाला लगेच शिक्षा न देता, त्याच्या संमतीने आणि बंधपत्रावर, व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी सोडू शकते आणि वर्षभराच्या आत अहवाल मागवू शकते. कलम ३९ कायद्यात पहिल्यापासून आहे. ६४-अ १९८९ मध्ये आले आणि २००१ मध्ये सुधारून लिहिले गेले.

अल्प प्रमाण म्हणजे किती, हेही ठरलेले आहे. गांजा १ किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅम, गर्द म्हणजे हेरॉइन ५ ग्रॅम, कोकेन आणि मेफेड्रोन प्रत्येकी २ ग्रॅम. माझ्याकडे येणारी पोरे सहसा याच्याही खूप खाली असतात.

मग ही कलमे वापरतो कोण? एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २००१ मध्ये मुंबईत एका नामवंत सिनेअभिनेत्याला कोकेन प्रकरणात अटक झाली. त्याने केईएम रुग्णालयात उपचार घेतले आणि २०१२ मध्ये न्यायालयाने त्याला याच ६४-अ खाली खटल्यातून संरक्षण दिले. त्यात गैर काहीच नव्हते. कायदा जसा चालायला हवा तसाच चालला, फक्त त्याला लागले एक चांगले वकील आणि अकरा वर्षे. माझ्या अशिलांकडे यातले पहिले नसते आणि दुसरे परवडत नाही.

त्यांचे काय होते ते सांगते. अटक होते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की एनडीपीएसखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत, प्रमाण कितीही छोटे असो. त्यामुळे जामिनाचा अर्ज आला. तो मंजूर झाला तरी जामीनदार लागतो, त्याचे रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, पगाराची स्लिप लागते. घरच्यांनी हाकलून दिलेल्या गर्दुल्ल्याला जामीन कोण राहणार? मग कारागृह. येरवड्यात क्षमतेच्या दुपटीहून जास्त माणसे वर्षानुवर्षे कोंबलेली आहेत, हे मी आपल्याला नव्याने सांगायला नको.

किंवा दुसरा रस्ता, जो कोर्टाच्या आवारात सगळे सुचवतात: "कबूल करून टाक, दंड भर, घरी जा." सेवनाच्या कलम २७ ला गर्द, कोकेनसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, इतर पदार्थांसाठी सहा महिने किंवा १०,००० रुपये. दंडावर भागते, म्हणून पोरगा मान हलवतो. आई कानातले गहाण ठेवते. दुपारपर्यंत मामला संपतो आणि सगळ्यांना हायसे वाटते, सरकारी वकिलांना, मला, न्यायालयालाही, कारण बोर्डावर अजून पुष्कळ प्रकरणे बाकी असतात. पण त्या दुपारी त्या मुलाने दोषसिद्धी पदरात घेतलेली असते. पुढच्या वेळी कलम ३१ लागते आणि कमाल शिक्षा दीडपट होते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. सुरक्षारक्षकाची नोकरी असो, कॅब असो की घरपोच डिलिव्हरी, तिथे चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. तो दाखला आपल्याच कार्यालयातून निघतो, महोदय, आणि त्यावर हा गुन्हा येतो. नोकरी गेली की दिवस मोकळा. दिवस मोकळा असला की पुन्हा अड्डा. पुढे काय होते ते आपल्या बीट अंमलदारांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तीच तीच तोंडे त्यांना ओळखीची झालेली असतात.

कोठडीतल्या पहिल्या दोन दिवसांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

गर्द बंद झाले की आठ-बारा तासांत ते तुटल्याचा त्रास सुरू होतो. या मुलांच्या भाषेत 'टर्की लागते'. नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात पिळवटून कळा, उलट्या, जुलाब, आणि झोप अजिबात नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास सर्वांत वाईट असतो. शहरातल्या एका ठाण्यात मी एका अशिलाला भेटायला गेले तेव्हा तो फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता आणि पहाऱ्यावरचे दादा मला म्हणाले, "मॅडम, नाटकं आहेत सगळी, सकाळपासून चाललंय." ते दादा दुष्ट नव्हते. त्यांनीच त्याला दोनदा चहा दिला होता. त्यांना कुणी शिकवलेच नव्हते की याला औषध असते, आणि ते महागही नसते. अटकेनंतरची वैद्यकीय तपासणी झालेली होती, कागदावर 'प्रकृती ठीक' होते. कारण तपासणी झाली त्या वेळी खरेच ठीक होती; शेवटचा झुरका दोन तासांपूर्वीचा होता. त्या रात्री तो मुलगा कशावरही सही करायला तयार होता.

दारूचे तर याहून वाईट. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, वेळेत उपचार न मिळाल्यास माणूस दगावतोही. कोठडीतला मृत्यू २४ तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवावा लागतो, पुढे चौकशी लागते. माणुसकीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी निव्वळ ठाणे अंमलदाराच्या सोयीचा विचार म्हणूनही नशेच्या आरोपीला सहा-आठ तासांनी पुन्हा एकदा डॉक्टरांना दाखवणे शहाणपणाचे नाही का?

आणि कारागृहात काही आठवडे काढून तो बाहेर आला, की वेगळाच धोका सुरू होतो. शरीराची सवय मोडलेली असते, मनाची नसते. जुन्या मात्रेइतका माल घेतला तर तो पेलत नाही. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे अतिसेवनाने मरण्याचे सर्वांत धोक्याचे असतात, हे जगभर नोंदवलेले आहे. म्हणजे तुरुंगाने नशा सुटली असे घरच्यांना वाटते, नेमके तेव्हा त्याला सर्वांत जास्त लक्षाची गरज असते.

आपल्या खात्याने केलेले काम मला दिसत नाही असे कृपया समजू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यापासून दिल्लीपर्यंत धागा पकडत १,७०० किलोहून अधिक मेफेड्रोन पकडले. तशी कामगिरी देशात फार कमी शहरांच्या नावावर आहे. ते खरे पोलिसांचे काम. त्याला रसायनशास्त्र कळणारे अधिकारी लागतात, महिनोन्महिने पाळत लागते, माणूसबळ लागते. तेच माणूसबळ जून २०२४ मध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या बारमधला तरुणांच्या कथित नशेचा व्हिडिओ फिरल्यावर पानटपऱ्या आणि टेकड्यांवर पोरे पकडत फिरले, तर पुढचा कुरकुंभ कोण शोधणार?

या शहराने एक उलटा प्रकारही पाहिला आहे. मेफेड्रोनच्या तस्करीचा एक मोठा आरोपी ससूनच्या वॉर्ड क्रमांक १६ मध्ये महिनोन्महिने 'उपचार' घेत राहिला आणि २ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथून पळाला. व्यापाऱ्याला रुग्णालय, गिऱ्हाइकाला कारागृह.

त्यामुळे 'पर्यायी शिक्षा' हे शब्द पुण्यात उच्चारायला मला थोडा संकोचच वाटतो. मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातातल्या अल्पवयीन कारचालकाला निबंधाच्या अटीवर जामीन मिळाल्यापासून या शहरात त्या शब्दांचा अर्थ ३०० शब्दांचा निबंध असा झाला आहे. लोकांचा राग रास्त होता. पण त्या रागातून निघालेला निष्कर्ष, की तुरुंग हीच काय ती खरी शिक्षा आणि बाकी सगळी पळवाट, तो मला मान्य नाही. महिना-सव्वा महिना व्यसनमुक्ती केंद्रात राहणे, गटात बसून स्वतःबद्दल खरे बोलणे, आईसमोर बसून तिचे ऐकून घेणे आणि बाहेर आल्यावर वर्षभर पाठपुराव्याला जाणे, हे ज्यांना सोपे वाटते त्यांनी एखाद्या पाठपुरावा बैठकीत मागे जाऊन बसावे. माझ्या एका अशिलाने केंद्रातून पळून जाण्यापूर्वी मला फोन करून सांगितले होते, "ताई, जेल परवडलं. तिथं कुणी काही विचारत नाही." पुढच्या वर्षी तो आपणहून परत गेला.

आणि हे पुण्यात सांगावे लागावे याचेच नवल. एनडीपीएस कायदा आला १९८५ मध्ये. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, डॉ. अनिता अवचट यांनी डॉ. अनिल अवचट यांच्यासह, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेव्हा शहरात गर्दची साथ होती आणि मध्यमवर्गीय घरांतली मुले त्यात सापडली होती. त्याच येरवड्यात मध्यवर्ती कारागृहही आहे. सरकारने एक उत्तर दिले, समाजाने दुसरे, आणि दोन्ही एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर जवळपास चाळीस वर्षे चालू आहेत. यातल्या एकीकडून दुसरीकडे जाण्याचा रस्ता कायद्यात आखलेला आहे. त्यावर पाटी लावायची राहिली आहे.

शंका येणार, त्यातल्या दोनच घेते.

पहिली: विकणारेही 'मी व्यसनी आहे' म्हणतील. म्हणतील खरेच. गांजाची १ किलोची मर्यादा स्वतःच्या वापरापेक्षा फार मोठी आहे, हेही मी मान्य करते. त्यात पुड्या बांधून विकणारा सहज बसतो. म्हणूनच व्यसन आहे की नाही हे सरकारी रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांनी तपासून ठरवावे, पोलिसांनी नाही आणि वकिलांनी तर नाहीच. दाखला विकत मिळतो, असे कुणी म्हणेल. या शहरात रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप झाले आहेत, तेव्हा मी हसण्यावारी नेणार नाही. पण उपचार अर्धवट सोडले तर खटला पुन्हा उभा राहतो. नुसत्या कागदावर फार दिवस काढता येत नाहीत.

दुसरी: बाहेरच्या देशांत हे फसले. इथे थोडे थांबते, कारण अर्धी गोष्टच नेहमी सांगितली जाते. पोर्तुगालने १ जुलै २००१ पासून स्वतःच्या वापरापुरता, म्हणजे साधारण दहा दिवस पुरेल इतका, माल बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही. विक्री गुन्हाच राहिली. सापडलेला माणूस न्यायालयाऐवजी तीन जणांच्या समितीसमोर जातो. तिथे कायदा, आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतली माणसे असतात. सोबत उपचारांची सोय वाढवली गेली. सुया वापरणाऱ्यांमधली एचआयव्हीची नवी लागण तिथे प्रचंड घटली. उलट अमेरिकेतल्या ऑरेगन राज्याने नोव्हेंबर २०२० च्या मतदानाने शिक्षा काढली, पण उपचारांची व्यवस्था उभी राहायला वेळ लागला. रस्त्यांवर उघड नशा दिसू लागली, लोक वैतागले आणि सप्टेंबर २०२४ पासून तिथे तो पुन्हा गुन्हा झाला. माझ्या मते यातून एवढेच दिसते की नुसती शिक्षा काढून भागत नाही, माणसाला कुठेतरी न्यावे लागते. मी आपल्याकडे शिक्षा काढा असे म्हणतही नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१ मध्ये अल्प प्रमाणातल्या वैयक्तिक वापराला गुन्हा न मानण्याची शिफारस केली होती. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली ती मात्र कलम २७-अ मधली जुनी चूक सुधारण्यापुरती. तो विषय दिल्लीचा. माझे मागणे शिवाजीनगरचे आहे.

एक विसंगती मात्र राहवत नाही म्हणून लिहिते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घालणाऱ्याला २४ तासांपर्यंत साधी कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा समाजसेवा करायला लावता येते. तोच माणूस गोंधळ न घालता घराच्या गच्चीवर गांजा ओढताना सापडला तर त्याच्यासाठी समाजसेवा नाही. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, तो पुण्यात किती जणांच्या खिशात असतो याची मोजदाद न केलेलीच बरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थिती आजाराच्या व्याख्येतच आहेत. एकच माणूस एका कायद्याने रुग्ण आहे, दुसऱ्याने आरोपी. त्याची पहिली भेट कुणाशी होते यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते, आणि ती बहुधा आपल्या हवालदाराशी होते.

तेव्हा परिपत्रकात काय असावे ते लिहिते.

कलम २७ किंवा अल्प प्रमाणाचे प्रकरण असेल तर अटक आपोआप होऊ नये. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेची कारणे लिहावीत, नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितले आहे. आता ती नोटीस नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली निघते. ठाण्यात अजून सगळे तिला जुन्या कलमावरून '४१-अ'च म्हणतात, हरकत नाही. काही ठाणी ती देतातही. सगळ्यांनी द्यावी. अटक करावीच लागली तर त्या माणसाला ६४-अ चा मजकूर त्याला कळेल अशा मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवावा आणि त्याचे म्हणणे लिहून घ्यावे. त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला फोन जावा. आम्ही येतो, रविवारीही येतो. प्रत्येक ठाण्यात सरकारमान्य केंद्रांची यादी आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री क्रमांक भिंतीवर असावा, १९३३ च्या शेजारी. पहिला क्रमांक उपचारांसाठी, दुसरा विकणाऱ्याची खबर देण्यासाठी. लोकांना फरक आपोआप कळेल. यादीत फक्त नोंदणीकृत केंद्रे असावीत. व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसे डांबून मारहाण करणारी ठिकाणे आहेत, आणि तिथे पाठवण्यापेक्षा कोठडी बरी. महापालिकेशीही बोलावे लागेल, कारण कायद्याला स्थानिक संस्थेची मान्यताही चालते. ससून आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयावरच सगळा भार टाकून चालणार नाही.

आणि वर्षअखेरीच्या पत्रकार परिषदेत एनडीपीएसचे आकडे सांगाल तेव्हा सेवनाची प्रकरणे विक्रीपासून वेगळी करून सांगावीत. सेवनवाल्यांपैकी किती जणांनी उपचार मागितले आणि कितींनी पुरे केले, असा आणखी एक रकाना त्यात असावा. पहिल्या वर्षी तो जवळजवळ रिकामा असेल. असू द्या.

परिपत्रकाचा मसुदा सोबत जोडला आहे. एका पानाचा आहे. भाषा माझी वकिली झाली आहे, ती ठाण्यातल्या माणसाला वाचता येईल अशी करून घ्यावी.

आपली विश्वासू,
विधी सेवा पॅनेलवरील एक वकील,
शिवाजीनगर, पुणे